श्रीमाधवेंद्रपुरी आणि गोवर्धनाचा गोपाळ

विरक्ताने स्वतःसाठी काही मागू नये, हा संन्यासधर्माचा दंडक सर्वांस ठाऊक आहे. पण प्रत्यक्ष देवालाच काही हवे झाले, तर न मागण्याचे व्रत घेतलेल्या पुरुषाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर श्रीमाधवेंद्रपुरींच्या चरित्रात मिळते. इसवी सनाच्या पंधराव्या शतकात होऊन गेलेले हे महात्मे ईश्वरपुरींचे गुरू. आणि १४८६ साली नवद्वीप येथे जन्मलेल्या श्रीचैतन्य महाप्रभूंना मंत्रदीक्षा देणारे ते हेच ईश्वरपुरी. कृष्णदास कविराजांच्या ‘चैतन्यचरितामृत’ या बंगाली ग्रंथात माधवेंद्रपुरींची ही कथा विस्ताराने आली आहे.

माधवेंद्रपुरी अयाचित वृत्तीने राहत. कोणी आपण होऊन अन्न आणून दिले तर ते घेत, न दिले तर उपवास करीत. पण कोणापुढे हात पसरीत नसत. तीर्थाटन करीत ते व्रजभूमीत आले. गोवर्धनाची प्रदक्षिणा आणि गोविंदकुंडाचे स्नान आटोपून सायंकाळी ते एका वृक्षाखाली उपाशीच बसले होते. तोच एक गोपबालक दुधाचे मडके घेऊन पुढे आला. या गावात कोणी उपाशी राहत नाही, जो मागत नाही त्याला मी आणून देतो, असे सांगून आणि मडके नेण्यास परत येतो असे म्हणून तो निघून गेला. पुरींनी दूध प्राशन केले, मडके धुऊन ठेवले आणि नामस्मरण करीत ते वाट पाहत राहिले. बालक परतला नाही.

रात्रीच्या शेवटच्या प्रहरी किंचित डोळा लागला, तेव्हा तोच बालक स्वप्नात आला. त्याने पुरींचा हात धरून त्यांना एका दाट कुंजापाशी नेले. आपले नाव गोपाळ. श्रीकृष्णाचा पणतू वज्र याने आपली स्थापना केली होती. पुढे आक्रमणाच्या भयाने पुजाऱ्याने आपल्याला येथे दडवून पलायन केले. तेव्हापासून आपण थंडी, पाऊस आणि ऊन सोसत येथेच आहोत. तरी गावकऱ्यांना घेऊन यावे, बाहेर काढावे आणि पर्वतावर नेऊन थंड पाण्याने स्नान घालावे, अशी त्याने आज्ञा केली. जागे होताच पुरींना अश्रू आवरेनात. ज्याला आपण सामान्य गवळ्याचा पोर समजलो, त्यालाच आपण ओळखले नाही, याचे त्यांना अतिशय दुःख झाले. पण शोक करीत बसण्याची ती वेळ नव्हती. मन स्थिर करून ते आज्ञापालनासाठी गावात गेले.

एका अनोळखी संन्याशाच्या शब्दावर सारा गाव कुऱ्हाडी आणि कुदळी घेऊन निघाला, ही व्रजवासीयांची श्रद्धा विशेष होय. झाडोरा तोडून वाट केली, तेव्हा माती आणि गवत यांनी झाकलेली मूर्ती दृष्टीस पडली. ती फार जड होती. बलवान पुरुषांनी ती पर्वतावर नेली. तेथे ना देवालय होते, ना सिंहासन. एका शिळेचे आसन केले, दुसरी पाठीशी लावली आणि त्यावर गोपाळ विराजमान झाला. गोविंदकुंडाचे पाणी आले, पंचामृताने महाभिषेक झाला. गावातील घरोघरचे तांदूळ, डाळ, पीठ, दूध, दही, तूप पर्वतावर येऊन पडले आणि अन्नाचा पर्वत उभा राहिला. नैवेद्यानंतर आबालवृद्धांनी प्रसाद घेतला. पुढे एकेका दिवशी एकेका गावाने नैवेद्याची पाळी घेतली. व्रजवासीयांनी गाई अर्पण केल्या. एका धनिक क्षत्रियाने मंदिर बांधून दिले. भूमीतून वर आलेला देव एकाच्या मालकीचा झाला नाही. ज्या ज्या गृहस्थाने आपल्या कोठारातील मूठभर दिले, त्याचा तो झाला.

दोन वर्षांनी गोपाळाने पुन्हा स्वप्नात येऊन सांगितले की, अंगाचा दाह अजून शमला नाही; नीलाचलाहून मलयचंदन आणून उटी लावावी. बंगालमधून आलेल्या दोन विरक्त ब्राह्मणांवर सेवा सोपवून पुरी पायी पूर्वेकडे निघाले.

वाटेत उत्कलातील रेमुणा येथे गोपीनाथाचे मंदिर लागले. तेथे रोज सायंकाळी बारा मडक्यांतून उत्तम खिरीचा नैवेद्य होई. ती चाखावयास मिळाली तर आपल्या गोपाळासाठी तशीच करता येईल, असा विचार पुरींच्या मनात येऊन गेला. पण तो विचारही त्यांना याचनेसारखा वाटला. ते लाजले आणि बाहेर ओस पडलेल्या बाजारात नामस्मरण करीत बसले. रात्री गोपीनाथाने पुजाऱ्याला स्वप्नात सांगितले की, आपल्या वस्त्राआड एक मडके दडवून ठेवले आहे, ते त्या संन्याशाला नेऊन द्यावे. तेव्हापासून हा देव ‘क्षीरचोरा गोपीनाथ’ या नावाने ओळखला जातो. सकाळी लोकांची गर्दी होईल, या भीतीने पुरी रात्रीच तेथून निघाले. पण त्यांची कीर्ती त्यांच्याआधी जगन्नाथपुरीस पोहोचली होती.

तेथे मात्र त्यांनी सर्वांपाशी गोपाळाची हकीकत सांगून चंदन मागितले. स्वतःच्या भुकेसाठी ज्यांनी कधी तोंड उघडले नाही, त्यांना देवासाठी मागताना संकोच वाटला नाही. राजाधिकाऱ्यांकडे वशिला असलेल्या भक्तांनी एक मण चंदन आणि वीस तोळे कापूर मिळवून दिला; जकातनाक्यांसाठी परवाने दिले, आणि ओझे वाहण्यास माणसे दिली. परतताना रेमुणा येथे तिसरे स्वप्न पडले. गोपीनाथ आणि आपण एकच आहोत. हे चंदन त्यालाच लावावे, म्हणजे आपला दाह शमेल, असे गोपाळाने सांगितले. पुरींनी कोणतीही शंका न घेता तसे केले. उन्हाळाभर गोपीनाथाच्या अंगाला त्या चंदनाची उटी लागत राहिली.

पुढे ईश्वरपुरींनी त्यांची अंतकाळी मनोभावे सेवा केली. १५१० साली नीलाचलास जाताना श्रीचैतन्य रेमुणा येथे थांबले, तेव्हा हीच कथा त्यांनी आपल्या सोबत्यांना सांगितली. वल्लभसंप्रदायात या मूर्तीच्या प्रकटनाची कथा निराळ्या रीतीने सांगतात. तेथे ती ‘श्रीनाथजी’ म्हणून पूजिली जाते. औरंगजेबाच्या काळात, १६६९ साली, ती व्रजाबाहेर नेण्यात आली, आणि १६७२ साली मेवाडात नाथद्वारा येथे तिची स्थापना झाली.

अनन्य भक्तांचा योगक्षेम आपण वाहतो, असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. माधवेंद्रपुरींसाठी भगवंतांनी दुधाचे मडके वाहिले. माधवेंद्रपुरींनी भगवंतांसाठी चंदनाचे ओझे वाहिले. आपल्या देवघरातील लहानशी मूर्तीही थंडी-उन्हात आपली वाट पाहते, असे समजून जो गृहस्थ रोज तिला स्नान आणि नैवेद्य अर्पण करतो, त्याला या चरित्राचे मर्म कळले म्हणावे.