त्वचारोगांचा वृक्ष रेखाटणारे वैद्य : आलिबेर

वनस्पतिशास्त्राच्या तासाला आपण झाडांची कुळे शिकतो. रोगांनाही अशीच कुळे असतात, आणि कूळ चुकले की निदान चुकते. त्वचारोगांची कुळे लावण्यात ज्यांनी हयात घालविली, त्या झां-लुई आलिबेर या फ्रेंच वैद्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

आलिबेर यांचा जन्म १७६८ साली दक्षिण फ्रान्समधील व्हिलफ्रांश-द-रुएर्ग येथे झाला. धर्मगुरू होण्याच्या इच्छेने ते धर्मसंघात शिरले. परंतु राज्यक्रांतीत असे संघच बरखास्त झाले. मग त्यांनी पॅरिसला जाऊन वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८०१ मध्ये सें-लुई रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. ज्यांच्याकडे पाहण्यास लोक कचरत, अशा त्वचारोग्यांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले, त्यांच्या व्याधींची रंगीत चित्रे प्रसिद्ध केली आणि रुग्णालयाच्या आवारातील झाडांखाली व्याख्याने दिली.

१८०६ मध्ये त्यांनी एका विलक्षण रोगाचे वर्णन केले. रोग्याच्या अंगावर प्रथम खपल्यांचे चट्टे उठले व पुढे अळंब्यांसारख्या गाठी आल्या. आरंभी त्यांनी तो ‘पियान’ या रोगाचा प्रकार मानला. १८३२ मध्ये त्यास ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हे नाव दिले. वस्तुतः बुरशीशी या रोगाचा काही संबंध नाही.

१८२९ मध्ये त्यांनी आपले वर्गीकरण वृक्षरूपाने मांडले. खोड म्हणजे त्वचा, फांद्या म्हणजे रोगांची कुळे आणि डहाळ्या म्हणजे एकेक रोग. परंतु इंग्लंडच्या विलन यांची पद्धत अधिक सुटसुटीत होती, आणि आलिबेर यांचेच शिष्य बिएट यांनी ती पॅरिसमध्ये रुजविली. राजवैद्यपद व बॅरन ही पदवी लाभूनही आलिबेर यांचा वृक्ष त्यांच्या डोळ्यांदेखत मागे पडला. १८३७ मध्ये ते निवर्तले.

त्यांनी केलेले त्या रोगाचे वर्णन मात्र टिकले. तो रक्तातील ‘टी’ जातीच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग असल्याचे विसाव्या शतकात उमगले, आणि १९७५ मध्ये त्यास व त्याच्या सोबत्यांना त्वचेतील टी-पेशींचे लिम्फोमा असे एकत्र नाव मिळाले. आज त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पेशींवरील खुणा व जनुके तपासतात. तरीही आरंभीचे चट्टे इसबासारखे दिसत असल्याने निदानास कित्येकदा वर्षे लागतात. अशा वेळी रोग्यास पुनःपुन्हा निरखून पाहणे, हा आलिबेर यांचाच मार्ग डॉक्टरांना धरावा लागतो.

विद्यार्थीमित्रांनो, आलिबेर यांचे वर्गीकरण कालबाह्य झाले, त्यांनी दिलेले नावही चुकीचे ठरले. परंतु जे डोळ्यांनी पाहिले, ते त्यांनी जसेच्या तसे लिहून ठेवले. आपल्या प्रयोगवहीतही आपण एवढे पथ्य पाळावे, असे आम्हांस वाटते.