वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म : १३ एप्रिल, १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर, १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होते. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. कर्करोगाचा लोकांच्या सवयींशी असलेला संबंध, रक्तगट आणि कुष्ठरोग हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते.

शिक्षण आणि अध्यापन

खानोलकरांचे वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात झाले. १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. मुंबईत त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले.

कर्करोगविषयक संशोधन

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी, १९४१ रोजी सुरू झाले. खानोलकर तेथे प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालक झाले. या रुग्णालयात तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येत. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करण्यापुरते खानोलकरांनी आपले काम मर्यादित ठेवले नाही. रुग्ण कोणत्या समाजातला आहे, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, याचाही ते अभ्यास करीत.

१९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्यासह कर्करोग आणि चालीरीती यांच्या संबंधावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षे घासल्यामुळे त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन त्यात होते. 'धोतर कर्करोग' या नावाने तो वैद्यकात ओळखला जातो. चुना लावलेली तंबाखू ओठात धरून ठेवणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचीही त्यांनी नोंद केली. १९५५ मध्ये ल. द. संघवी व राव यांच्यासह त्यांनी धूम्रपान आणि तंबाखू चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. कर्करोग हा केवळ नशिबाचा भाग नसून त्याची काही कारणे टाळता येतात, हा या संशोधनाचा गाभा होता.

संस्थात्मक कार्य

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याच्या उभारणीत खानोलकरांचा पुढाकार होता व ते त्याचे पहिले संचालक होते. पेशीशास्त्रज्ञ कमल रणदिवे या त्यांच्या विद्यार्थिनी. त्यांनी या केंद्रात ऊती संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. कुष्ठरुग्णांच्या ऊतींपासून मिळवलेला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे कामही येथे झाले. १९६६ मध्ये हे केंद्र आणि रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

खानोलकर भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे संस्थापक होते. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

संशोधनाचे महत्त्व

खानोलकरांचा तंबाखूविषयक अभ्यास प्रामुख्याने तोंड, घसा व अन्ननलिका यांच्यापुरता होता. तंबाखूचा परिणाम मात्र तेवढ्यावर थांबत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाचेही धूम्रपान हे प्रमुख कारण आहे. धुरातील घातक द्रव्ये रक्तात मिसळतात, मूत्रपिंडांतून गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयाच्या अस्तराच्या संपर्कात राहतात. व्यवसायातील रसायनांमुळेही हा रोग होतो. खानोलकरांच्या जन्माच्याच वर्षी, १८९५ मध्ये, जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगांच्या कारखान्यातील कामगारांमध्ये तो आढळल्याचे दाखवले होते.

वेदना न होता लघवीतून रक्त जाणे हे या रोगाचे नेहमीचे पहिले लक्षण होय. रक्त एकदाच दिसून थांबले, तरी तपासणी आवश्यक असते. दुर्बिणीतून मूत्राशय पाहून गाठ काढली जाते आणि ती विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवली जाते. रोग अस्तरापुरता आहे की स्नायूपर्यंत पोहोचला आहे, यावर उपचार ठरतो. अस्तरापुरता असल्यास गाठ खरवडून काढून गरजेनुसार मूत्राशयात बीसीजी किंवा अन्य औषध सोडतात व पुढे नियमित तपासणी करतात. स्नायूत शिरल्यास मूत्राशय काढणे किंवा किरणोपचारासह रसायनोपचार करणे हे पर्याय असतात.

सन्मान

भारत सरकारने खानोलकरांना पद्मभूषण पुरस्काराने गौरवले. ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकही होते. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संकुलातील 'खानोलकर शोधिका' ही इमारत त्यांच्या नावाने ओळखली जाते.