नकाशा रस्त्यावर आणणारा माणूस

पिंपरी-चिंचवड असो वा चाकण, विकास आराखड्याचा नकाशा भिंतीवर लागला की माणसे बोट फिरवत आपला गट नंबर शोधतात. सापडला की त्यावरून रस्त्याची रेघ गेली आहे का, एवढेच पाहतात आणि हरकतीचा अर्ज लिहायला बसतात. गाव त्यांचे, पण नकाशाची लिपी त्यांची नसते. सभेत लोक बोलत असतानाच त्यांचे म्हणणे मोठ्या कागदावर चित्रांत टिपत जाण्याची एक पद्धत आता जगात रुजली आहे. ती शिकू पाहणाऱ्याने सर पॅट्रिक गेडिस यांचे चरित्र जरूर वाचावे. शंभर वर्षांपूर्वी हा माणूस आपल्या मुंबईत प्राध्यापक होता.

गेडिस यांचा जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. शिक्षण जीवशास्त्राचे. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी अधू झाली आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगू पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा घाव कोणता? तिथेच त्यांना कागदाला घड्या घालून चौकोन पाडण्याचा आणि एकेका चौकोनात एकेक विचार मांडण्याचा छंद लागला. स्थळ, काम आणि माणसे यांचा परस्परसंबंध ते पुढे जन्मभर अशा चौकोनांत मांडत राहिले.

दृष्टी सुधारली. लग्नानंतर ते पत्नी ॲनासह एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांबरोबर साफसफाई, रंगरंगोटी सुरू केली. १८९२ पासून तिथल्याच एका मनोऱ्यात त्यांनी शहराचे प्रदर्शन मांडले. वरच्या अंधाऱ्या खोलीत भिंगातून खालचे शहर मेजावर हलताना दिसे. लोक आपलेच गाव नव्याने पाहत.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या प्रदर्शनाचे सामान आणणारे जहाज जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने बुडवले. तरी नवे नकाशे, नवी चित्रे जमवून काही महिन्यांत मद्रासला प्रदर्शन उभे राहिले. मग ते गावोगावच्या गल्ल्या पायी हिंडले. रुंद रस्त्यासाठी वस्ती उठवण्यापेक्षा मोजकी पडकी घरे काढावीत, विहिरी आणि झाडे राखावीत, असा त्यांचा आग्रह असे. १९१७ मध्ये थोरला मुलगा युद्धात पडला. विषमज्वराने अंथरुणाला खिळलेल्या ॲनाला त्यांनी ते कळू दिले नाही; मुलाची जुनी पत्रे ते तिला वाचून दाखवत. काही आठवड्यांत तीही गेली.

अशा मनःस्थितीत ते होळकरांच्या इंदूरला कामाला लागले. गावात प्लेगची दहशत होती आणि नगररचनाकार म्हणजे घरे पाडणारा, अशी लोकांची समजूत. गेडिस यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले. जे रस्ते सर्वांत स्वच्छ होतील, त्यांवरूनच ती जाणार! घरोघर केरसुण्या चालू लागल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, आणि शुभ्र कपडे घालून, फुले लेवून सफाई कामगार मानाने चालत होते. पुढे होऊ घातलेल्या इमारतींच्या प्रतिकृती गाड्यांवर होत्या. शेवटी राक्षसाचे दहन झाले, तुळशीची रोपे वाटली गेली. अख्ख्या गावाने आराखडा असा वाचला. दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. तो किती जणांनी वाचला असेल, देव जाणे.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो त्यांच्याच हाताखाली. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी. पण वर्गात गेडिस दाढीतल्या दाढीत बोलत आणि घड्यांचे चौकोन भरत जात. ऐकणाऱ्यांची पुरती तारांबळ उडे. इंदूरच्या रस्त्यावर जे साधले, ते कागदावर त्यांना फारसे साधले नाही. स्वतःसाठी काढलेले टिपण आणि दुसऱ्यासाठी काढलेले टिपण यांतले अंतर त्यांनी मनावर घेतले नसावे, असे वाटते.

१९२४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. १९३२ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए येथे ते वारले. त्यांची कागदपत्रे ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाने जपली आहेत, आणि त्यांतल्या चौकोनांचा अर्थ लावण्यात अभ्यासक अजूनही गुंतलेले आहेत.