मेंदूची रेघ आणि बेर्गर

घरात कुणाला फिट येते. डॉक्टर ई.ई.जी. काढून आणायला सांगतात. डोक्याला वायरी चिकटवल्या जातात, आणि पूर्वी तासाभराने कागदाची जाडजूड चळत हाती यायची. आता तसे नसते. संगणकातून डोक्याचे रंगीत नकाशे छापून येतात, त्यांत कुठे लाल, कुठे निळे. रेघांपुढे पूर्वी मंडळी गप्प बसत, रंगांपुढे मात्र घाबरतात. लाल म्हणजे काय हो डॉक्टर, हा प्रश्न मला कितीदा तरी विचारला गेला आहे. तो विचारला गेला की मला हान्स बेर्गर आठवतो.

बेर्गरचा जन्म १८७३ सालचा, जर्मनीतल्या कोबुर्गजवळच्या नॉयझेस गावचा. त्याच्या आईचे वडील म्हणजे फ्रिडरिश रूकर्ट हे कवी. आपली नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मन पद्यात नेली होती. नातवाला मात्र आकाशातल्या ताऱ्यांचे वेड होते. गणित आणि खगोलशास्त्र शिकायचे म्हणून तो बर्लिनला गेला, पण तिथे रमला नाही आणि लष्करी सेवेत दाखल झाला. कवायतीच्या वेळी तो घोड्यावरून पडला, थेट तोफेच्या गाड्यापुढे. चाक अगदी जवळ येऊन थांबले. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली. भाऊ संकटात आहे असे बहिणीला एकाएकी वाटले होते. आपल्या मनातली भीती तिच्यापर्यंत पोहोचली, अशी बेर्गरची समजूत झाली. मनाची अशी कोणती शक्ती असते आणि ती मोजता येईल का, या एका प्रश्नापायी त्याने तारे सोडले आणि येना गावी वैद्यक शिकला.

१८९७ साली तो तिथल्याच मनोरुग्णालयात रुजू झाला आणि १९१९ साली त्याचा प्रमुख झाला. स्वभाव अबोल, दिनक्रम घड्याळाच्या काट्यावर. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरल्या वेळात प्रयोग करायचे. आधी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, मग तापमान मोजले. हाती फारसे काही लागले नाही. इंग्लंडच्या रिचर्ड केटनने १८७५ सालीच प्राण्यांच्या मेंदूत वीज दाखवली होती. बेर्गर त्या वाटेला वळला. १९२४ साली, कवटीचे हाड काढलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून त्याने पहिली थरथरती रेघ मिळवली.

इथेच त्याचे मोठेपण मला दिसते. ही रेघ त्याने पाच वर्षे छापली नाही. ही मेंदूचीच कशावरून? हृदयाचा ठोका असेल, रक्ताची धडधड असेल, टाळूच्या स्नायूंची हालचाल असेल. एकेक शंका घेऊन तो ती निस्तरत राहिला. स्वतःच्या मुलाला, क्लाउसला, त्याने कितीदा यंत्रापुढे बसवले. १९२९ साली लेख आला, तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही. डोळे मिटले की सेकंदाला साधारण दहा लाटा येतात आणि डोळे उघडले की त्या विरतात, हे केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ साली स्वतः पडताळून पाहिले, तेव्हा कुठे जगाला पटले.

आजच्या संगणकी विश्लेषणाचे मूळही येनातच आहे. १९३२ साली डीच नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने बेर्गरच्या रेघांचे गणित मांडले. मैफलीतला तंबोरा, पेटी आणि गळा कानाने वेगळा काढावा, तशा गुंतलेल्या रेघेतून संथ आणि जलद लाटा वेगळ्या काढायच्या. हाताने हे काम फार किचकट होते. १९६५ साली कूली आणि टुकी यांनी त्या गणिताची जलद रीत दाखवली आणि संगणकाला ते सोपे झाले. पुढे निरोगी माणसांच्या नोंदी वयानुसार जमवल्या गेल्या आणि रुग्णाची लाट सरासरीपासून किती दूर आहे हे यंत्र सांगू लागले. नकाशावरचा लाल रंग म्हणजे बहुधा हे अंतर.

पण दूर म्हणजे आजारी नव्हे. नेहमीची मर्यादा लावली तर ठणठणीत माणसाच्याही शंभर मापांपैकी पाचेक मापे बाहेर पडतातच. झोपेची पेंग, एखादी गोळी किंवा आवळलेला जबडा एवढ्यानेही रंग पालटतो. म्हणूनच अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने १९९७ साली बजावले, की हे विश्लेषण मूळ रेघेच्या जोडीने आणि जाणत्यांनीच वापरावे.

बेर्गरची गोष्ट इथे संपती तर बरे झाले असते. १९३८ साली तो निवृत्त झाला आणि १९४१ साली, खोल नैराश्यात, त्याने गळफास घेतला. नाझींनी छळलेला संशोधक अशी त्याची ख्याती बरीच वर्षे होती. पुढे कागदपत्रे तपासली गेली आणि वेगळेच दिसले. तो एस.एस. संघटनेचा वर्गणीदार सदस्य होता, आणि सक्तीच्या नसबंदीची प्रकरणे निकाली काढणाऱ्या न्यायालयात बसत होता. १९३३ च्या त्या कायद्यात आनुवंशिक अपस्मार हेही एक कारण होते. ज्या आजाराच्या रुग्णांना त्याच्या रेघेने सर्वाधिक आधार दिला, तोच हा आजार. यंत्राने दाखवलेल्या रेघेवर पाच वर्षे शंका घेणारा हा माणूस, कोण धड आणि कोण सदोष हे ठरवणाऱ्या कायद्यावर शंका घेताना दिसत नाही.

आपणही फार उंचावरून बोलू नये. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट १९९९ साली गेली, पण आजही मुलीच्या फिटची गोष्ट पाहुण्यांपासून लपवली जाते.

म्हणून लाल म्हणजे काय, या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे. लाल म्हणजे सरासरीपासून दूर, एवढेच. मूळ रेघ डॉक्टरांनी स्वतः पाहिली का, त्या वेळी रुग्ण जागा होता का, कोणती औषधे चालू होती, हे जरूर विचारा. आणि रुग्णाला फिट नेमकी कशी येते, हे समोर पाहिलेल्या माणसाने डॉक्टरांना नीट सांगा. ते कोणत्याही नकाशात छापून येत नाही.