मौलाना आझाद : कुरआनचे भाष्यकार

वाचकहो, मौलाना अबुल कलाम आझाद हे नाव आपण स्वातंत्र्यलढ्यातील पुढारी आणि देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून ऐकतो. मोहाडीतील आपल्या विद्यार्थ्यांना क्रमिक पुस्तकात ते एवढेच भेटतात. पण आयुष्यभर त्यांच्या जिवाला लागलेले काम निराळेच होते. कुरआनचा अर्थ सामान्य माणसाला उर्दूत उलगडून सांगणारा 'तर्जुमानुल कुरआन' हा ग्रंथ त्यांना पुरा करावयाचा होता.

त्यांचा जन्म 1888 साली मक्केत झाला. वडील नामांकित आलिम. शिक्षण सारे घरीच झाले. 1912 साली कलकत्त्यात त्यांनी 'अल-हिलाल' साप्ताहिक काढले. 1916 साली सरकारने त्यांना बंगालबाहेर घालवले आणि ते रांचीत स्थानबद्ध झाले. तेथेही त्यांनी 1917 साली एक मदरसा उभा केला आणि भाष्याचे काम चालू ठेवले. झडतीत कागद गेले. 1921 च्या अटकेनंतर पुन्हा जप्ती आली. पुढे जे परत मिळाले तो फाटक्या कागदांचा ढिगारा होता! कित्येक वर्षे त्यांचे मन पुन्हा लेखणीकडे वळेना. अखेर 1930 साली मेरठच्या तुरुंगात पहिल्या खंडाची प्रस्तावना लिहून झाली. दुसरा खंड 1936 चा.

पालकहो, सूरह फातिहा आपल्या मुलांना तोंडपाठ असते. अर्थ विचारला की ती गप्प होतात. मौलानांनी याच सात आयतींवर सर्वांत विस्तृत लिहिले. रब म्हणजे नुसता मालक नव्हे, तर प्रत्येक अवस्थेला लागेल तेवढे देऊन वाढवणारा, असे ते सांगतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही. पऱ्ह्यापासून लोंबीपर्यंत धानाची गरज दर टप्प्याला बदलते. हा रब साऱ्या जगाचा आहे. म्हणून दीन मुळात एकच, शरीयती काळाप्रमाणे निरनिराळ्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. यावर वाद उठला. मग नमाज-रोजाची गरज काय, असा आक्षेप काही उलेमांनी घेतला. मौलानांनी तो अर्थ साफ नाकारला. माझ्या मते आक्षेपकांनी भाष्य पुरते वाचले असते तर वाद इतका वाढला नसता.

त्यांना न पटणाऱ्या गोष्टीही होत्या. जुन्या भाष्यकारांनी आयतींत ग्रीक तत्त्वज्ञान कोंबले आणि नवे लोक विज्ञानाचे शोध कोंबतात, ही त्यांची तक्रार होती. मात्र इतिहासाचा आधार ते मोकळेपणाने घेत. सूरह कहफमधील जुलकरनैन म्हणजे इराणचा सम्राट सायरस, हे मत त्यांनी तसेच मांडले.

1942 साली ते अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात कैद झाले. तेथे असतानाच 1943 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पत्नी जुलेखा बेगम वारल्या. सवलतीसाठी सरकारपुढे हात पसरणे त्यांना रुचले नाही. किल्ल्यात लिहिलेली आणि तेव्हा धाडता न आलेली पत्रे 1946 साली 'गुबार-ए-खातिर' नावाने निघाली.

1947 पासून शिक्षणखात्याचा भार आला. 22 फेब्रुवारी 1958 रोजी ते निवर्तले, तोवर भाष्य 114 पैकी 23 व्या सूरेपर्यंतच छापले गेले होते. तिसरा खंड त्यांच्या हातून निघाला नाही.