सैनिक आणि सेवक : जनरल शाहनवाज खान



इतिहासाच्या पुस्तकात आझाद हिंद सेनेच्या खटल्याचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो. सहगल, धिल्लन आणि शाहनवाज ही तीन नावे परीक्षेपुरती पाठ केली जातात व विसरली जातात. त्यांपैकी जनरल शाहनवाज खान यांचे खटल्यानंतरचे आयुष्यही आपण समजून घ्यावे, म्हणून हा प्रपंच.

त्यांचा जन्म १९१४ साली रावळपिंडी जिल्ह्यातील मटोर या गावी झाला. घराणे शिपाईगिरीचे. वडील फौजेत, नातेवाईकही फौजेत. डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात शिकून ते पंजाब रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ते जपान्यांचे युद्धकैदी बनले. ब्रिटिश राजाशी इमान राखणे ही घराण्याची पिढीजात रीत, आणि कैद्यांतून उभी राहणारी सेना जपान्यांच्या हातचे बाहुले होईल ही शंका. म्हणून आरंभी त्यांनी तिला विरोधच केला. पुढे १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस आले. राजा की देश, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा त्यांना मिळाले. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या चीन टेकड्यांत त्यांच्या सुभाष ब्रिगेडने उपासमार आणि मलेरिया सोसत मोर्चा सांभाळला. मे १९४५ मध्ये ते पकडले गेले.

नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात खटला उभा राहिला. आरोपी तिघे : एक हिंदू, एक शीख, एक मुसलमान. मुस्लिम लीगने शाहनवाज यांचा बचाव वेगळा चालविण्याची तयारी दाखविली होती. परंतु रणांगणावरील सोबत्यांना न्यायालयात सोडणे त्यांनी नाकारले. मुंबईचे नामवंत वकील भुलाभाई देसाई यांनी तिघांचाही बचाव केला. जन्मठेपेची शिक्षा झाली, पण देशभर उसळलेल्या लोकमतापुढे सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये ती माफ केली.

वाचकहो, खरी कसोटी यानंतर होती. ते काँग्रेस सेवादलाच्या कामाला लागले; हाती बंदूक असलेला माणूस स्वयंसेवकांना शिस्त शिकवू लागला. बिहारमध्ये दंगलींनी गावेच्या गावे उजाड झाली होती. १९४७ साली गांधीजींबरोबर ते तेथे गेले, आणि घाबरून पळालेल्या मुसलमान कुटुंबांना आपापल्या गावी परत नेऊन वसविण्याचे काम त्यांनी केले. जळलेल्या घराकडे परतणाऱ्या माणसाला सर्वांत आधी हवा असतो तो धीर, आणि शेजाऱ्याला हवी असते ती समजूत. हे काम हुकुमाने होत नसते.

फाळणी झाली तेव्हा मटोर पाकिस्तानात गेले. जमीनजुमला, वाडवडिलांच्या कबरी आणि घरची माणसे मागे ठेवून शाहनवाज यांनी भारतात राहणे पसंत केले. १९५२, १९५७, १९६२ आणि १९७१ असे चार वेळा मीरतच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. केंद्रात रेल्वे खात्याचे उपमंत्रिपदही त्यांनी भूषविले. १९५६ साली नेताजींच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. आपल्याच सेनापतीच्या अंताचे पुरावे तपासणे मनाला किती जड गेले असेल!

१९६५ च्या युद्धात त्यांचा मुलगा पाकिस्तानी फौजेत असल्याची चर्चा उठली आणि त्यांच्या राजीनाम्याची मागणी झाली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी ती मानली नाही. ज्याने देशासाठी घर सोडले, त्यालाच निष्ठेचा हिशेब विचारला गेला. तरीही ते कडवट झाले नाहीत. १९६७ मध्ये मीरतमधून पराभव झाला, म्हणून लोकांत जाणे त्यांनी थांबविले नाही, आणि १९७१ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

१९८३ साली त्यांचे निधन झाले. दिल्लीत जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे. ज्या लाल किल्ल्यात त्यांना शिक्षा सुनावली गेली, तो तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे जण गणवेश चढवतील. पण मोहल्ल्यातील भांडण मिटविणे, परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला शिकविणे, शेजाऱ्याच्या संकटात धर्म न विचारता धावून जाणे, ही फौज कोणालाही मोकळी आहे. पालकहो, मुलाने काय व्हावे हे ठरविताना त्याने कोणाच्या उपयोगी पडावे, हेही एकदा घरी बोलून ठेवा.