दिव्यापेक्षा जिना

शाळेत आम्हांला फ्लॉरेन्स नाइटिंगेल माहीत झाली ती तिच्या हातातल्या दिव्यामुळे. यंदा कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांचे चरित्र हाती आले आणि मला दिव्यापेक्षा एक जिनाच जास्त लक्षात राहिला. याला कारण माझी आई. ती एका रुग्णालयात आया आहे. तिथे लिफ्ट नाही. गरम पाण्याच्या बादल्या घेऊन ती दिवसातून कितीदा तरी तीन मजले चढते. रात्री तिच्या गुडघ्यांना तेल चोळायचे काम माझे.

बाईंचा जन्म १८२० चा, श्रीमंत इंग्रज घराण्यातला. रोग्यांची सेवा करणे घरच्यांना कमीपणाचे वाटे. तरी १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे तीन महिने राहून त्या काम शिकल्याच. १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील, आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका लहान संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. रुजू होण्याआधीच त्यांनी मागणी केली, की प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी हवे आणि रोग्यांचे जेवण वर ओढून घ्यायला रहाटासारखे यंत्र हवे. घंटा कोणी वाजवली तेही परिचारिकेला जागेवरून कळावे. सगळी ताकद जिन्यावरच संपली तर रोग्यासाठी उरणार काय, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्या वेळी हे कोणाला सुचावे याचेच मला नवल वाटते.

पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांसह त्या तुर्कस्थानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथे त्यांना ताप आला आणि त्या मरता मरता वाचल्या. तो ब्रुसेलोसिस असावा, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. पुरते बरे न होताच त्या पुन्हा कामाला लागल्या. चरित्रकार हे कौतुकाने सांगतात. मला ते पटत नाही. १८५७ पासून प्रकृती ढासळली आणि पाठीच्या दुखण्याने त्यांना वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळवून ठेवले. त्या अवस्थेतच १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा सुरू करवली. तिथे शिकणाऱ्या प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र खोली होती. १९१० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, त्या वारल्या.

हे सारे मी आईला वाचून दाखवले. दिव्याविषयी तिने काही विचारले नाही. जेवण वर नेणारा तो रहाट बसवतात कसा, दोर कुठून जातो, ओढायला जोर किती लागतो, एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.